सगळे यात्रेला गेलेत

सांगलीत विश्रामबागला आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. माणसं तीन. मालक विट्याचे, पण घरच्या सोनं गाळायच्या दुकानापायी लहानपण चेन्नईत गेलं, त्यामुळे गडबडले की तमिळमध्ये पुटपुटतात. एक सहकारी जतचा, काम अडलं की कॉम्प्युटरला कन्नडमध्ये शिव्या घालतो. आणि मी, साताऱ्याची लेक, सांगलीची सून, सगळं डिझाइन करणारी एकुलती एक बाई.

परदेशातली एक मोठी वेब कंपनी आम्हाला काम द्यायला तयार झाली. अट एवढीच, की तुमच्याकडे वेगवेगळ्या वंशांची माणसं आणि बायका आहेत हे वेबसाइटवर दिसू द्या. मालकांनी लगेच विकतचे फोटो घेतले. मंडईत वांगी निवडावीत तसे निवडले. एक आफ्रिकन, एक जपानी, एक सोनेरी केसांची गोरी. गोरीच्या खाली लिहिलं, ‘मुख्य डिझायनर’.

ती तर मी होते!

“सर, माझाच फोटो लावा की.”

“आवं ताई, नेटवर बाईमाणसाचा फोटो? तुमच्या सासूबाई काय म्हणतील?”

सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक गोरा तरुण दिसताच मालकांनी वाकून नमस्कार केला. तो बिचारा कॅमेरा सरळ करायला आला होता. तो बाजूला झाला आणि मागच्या खुर्चीतल्या कृष्णवर्णीय बाई दिसल्या. कंपनी त्यांची होती. तुमच्या टीमला भेटवा, म्हणाल्या.

आमच्याकडे एका रजेला कुणी का म्हणून विचारत नाही, ती म्हणजे गावच्या यात्रेची. मालकांनी बेधडक तीच ठोकून दिली. सगळे यात्रेला गेलेत. जपानीसुद्धा? हो, जपानीसुद्धा. बाई हरखल्या आणि त्यांनी यात्रेचे फोटो मागितले.

जतच्या सहकाऱ्याकडे त्याच्या गावच्या यात्रेतला एक फोटो होता. आम्ही तिघं त्याच्याकडे मटण खायला गेलो होतो, तेव्हाचा. मालक म्हणाले, “ताई, आपल्याच धडावर त्यांची मुंडकी बसवा.” मालकांच्या अंगावर आफ्रिकन चढवला, वर फेटा. सहकाऱ्याच्या अंगावर जपानी आला, त्याच्या कपाळाला मी भंडाराही लावला. हसून हसून पोट दुखलं.

राहिली गोरी. तिचं डोकं माझ्या धडावर बसवलं. माझी निळी साडी, माझ्या हातातली भेळ, आणि वर ती. बघितलं आणि मला एकदम रडूच आलं. भेळसुद्धा तीच खाणार होती! तिचं डोकं उडवलं आणि माझ्या तोंडासकट फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या कॉलला बाई म्हणाल्या, आम्हीही हाच धंदा करतो, चिकटवलेली डोकी आम्हाला ओळखू येतात. निळ्या साडीतली तेवढी खरी आहे. ती कोण?

मालक तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले. मी खुर्ची कॅमेऱ्यापुढे ओढली. “मी मुख्य डिझायनर,” मी सांगितलं.

बाई मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या ऑफिसातही लोक मला सोडून भलत्यालाच नमस्कार करतात. मालकांनी मान खाली घातली. फेट्यातला आफ्रिकन मात्र बाईंना फार आवडला होता. काम मिळालं, पण खरे चेहरे लावायच्या बोलीवर.

तिघांचे फोटो लागले त्या दिवशी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. मालक कान टवकारून उभे राहिले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

“आगं, शेजारणीनं तुजा फोटो दावला. लय ग्वाड हाय. पर इतकी वर्सं तितं काम करतीयास, मग आजपतुर का न्हवता?”

मी फोन मालकांपुढे धरला.

“आवं सर, तुमालाच विचारत्यात.”