पाटीवरचा देखणा ठिगळ्या

२९ फेब्रुवारी २०२४. लीप वर्षातली ही जादा तारीख त्या वर्षी गुरुवारी आली. कोणतेही कॅलेंडर चाळून याची खात्री करून घेता येईल. गुरुवारी त्या गल्लीतली दुकाने बंद असतात. त्यामुळे ठिगळ्या नावाचा कुत्रा ताईच्या अंगणातून केव्हा बाहेर पडला आणि कोणत्या दिशेने गेला, हे पाहिलेला एकही माणूस नंतर मिळाला नाही.

ठिगळ्या मूळचा कोणाचा, हेही कोणाला ठाऊक नव्हते. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात, तारेत अडकलेल्या अवस्थेत, तो प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या लोकांना सापडला होता. डावा कान अर्धा फाटलेला, कमरेवर तळहाताएवढी जागा कायमची उघडी, बिनकेसांची, मागचा एक पाय जरा बाहेर वळलेला. नवरा गेल्यापासून ताई घराबाहेर फारशी पडत नसे. निवाऱ्यातल्या सगळ्या कुत्र्यांमधून तिने नेमका हाच निवडला, तेव्हा तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "अगं, निदान दिसायला बरा तरी घे."

"तू दिसायला बरा होतास म्हणून कडेवर घेऊन फिरले का तुला?" ताई म्हणाली, आणि विषय संपला.

हा धाकटा भाऊ म्हणजे गल्लीतले पेंटर. साठी उलटलेली, लग्न झालेले नाही, ताईच्या घराला भिंत लागून एक खोली. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणे. ताई मात्र अजूनही 'छोट्या' म्हणत असे, आणि असे म्हणणारी आता ती एकटीच उरली होती. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की पाटीवरचा टोमॅटो टोपलीतल्या टोमॅटोपेक्षा लाल हवा. पेंटरांनी ते मनावर घेतले. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर त्यांनी काढलेले दात डॉक्टरांच्याही तोंडात नव्हते. पुढे फ्लेक्स आले आणि काम आटत गेले, पण हाताची ती सवय काही आटली नाही.

शुक्रवारी सकाळी ते ताईकडे गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता.

"लेकाला फोन केला," ती म्हणाली. "कधीपासून मागे लागलाय, माझ्याकडे येऊन राहा म्हणून. ठिगळ्या नाही सापडला तर जाईन म्हणते. इथे आता काय आहे?"

"आणि मी?"

"तुझं काय रे, तू आहेसच."

ती हे अगदी सहज बोलली. ते मात्र पेंटरांच्या मनातून दिवसभर हलले नाही. माणूस भिंतीसारखा कायम असला की लोक त्याला टेकतात, पण त्याच्यासाठी थांबत नाहीत, असे काहीसे त्यांना वाटले. ते बाहेर आले आणि तडक सायकलवाल्याच्या दुकानी गेले.

सायकलवाला म्हणजे त्यांचा जुना दोस्त आणि गल्लीचा तोंडाळ माणूस. त्याने हाक मारली की आसपासचे सगळे गोळा होत. दहा मिनिटांत लाँड्रीवाला, पोस्टमन, शिकवणीच्या बाई असे बरेच जण जमले. फोटो छापून फ्लेक्स लावू, असे कोणीतरी सुचवले. पण फोटो कुठून आणणार? कोणी मोबाइल उचलून समोर धरला की ठिगळ्या पलंगाखाली पळे. निवाऱ्याकडे एकच फोटो होता, आणि त्यात तोंडाला आणि अंगाला एवढ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या की कुत्रा आहे की गाठोडे हेच कळत नव्हते.

"मग पेंटर कशाला आहेत?" सायकलवाला म्हणाला. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या. आता घरची रंगवा की."

शोधाचे वाटपही पेंटरांनीच केले, तेही आपल्या पद्धतीने. गल्ल्यांची नावे त्यांच्या कधीच लक्षात राहत नसत. "दातांच्या दवाखान्याच्या पाटीपासून लाँड्रीच्या पाटीपर्यंत पोस्टमन. तिथून बेकरीच्या पाटीपर्यंत बाई, तुम्ही. पुढची पाटी निळी आहे, तिच्यापलीकडे मी स्वतः." सगळ्यांना ते बरोबर समजले. निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच ताकीद दिली, की हाका मारत मागे धावू नका. घाबरलेला कुत्रा आणखी लांब जातो. दिसला तर जिथे आहात तिथेच बसा आणि निरोप धाडा.

संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या पाट्या तयार झाल्या. पिवळी जमीन, लाल अक्षरे, मधोमध कुत्रा. लोकांनी थांबून थांबून पाहिल्या. सायकलवाल्याने तर मान्य केले की एवढे जिवंत काम पेंटरांच्या हातून बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

शनिवारी सकाळी लाँड्रीवाला दोरीला धरून एक धष्टपुष्ट, झुपकेदार शेपटीचा कुत्रा घेऊन आला. त्याच्या मागून एक गृहस्थ पायजमा सावरत धावत येत होते. "अहो, सोडा त्याला! आमचा आहे! मी फक्त दूध घ्यायला थांबलो होतो!"

"पाटीशी हुबेहूब जुळतो," लाँड्रीवाला ऐकायला तयार नव्हता. "कान बघा. शेपटी बघा."

दुपारी पोस्टमनने निरोप पाठवला, की एका बंगल्याच्या गच्चीवर ठिगळ्या आहे, पण घरमालक मोठ्या तोंडाने तो आपलाच आहे म्हणतात. तो त्यांचाच होता. लोक मनापासून शोधत होते, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ते भलताच कुत्रा शोधत होते, एवढेच.

रविवारी दहाच्या सुमारास ताई पहिल्यांदा दाराबाहेर आली. भावाच्या खोलीबाहेर एक पाटी वाळत ठेवली होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा कोण रे?"

"कोण म्हणजे? ठिगळ्या."

"हा ठिगळ्या? ह्याला तर मुलगी बघायला पाठवायचा दिसतोय." मग तिचा आवाज उतरला. "छोट्या, ह्याचा कान कुठे फाटलाय? कमरेवरचं काय झालं? नाव ठिगळ्या, आणि अंगावर ठिगळ एक नाही."

पेंटरांनी ब्रश उगाच फडक्याला पुसला. "अगं, पाटीवर तसं बरं दिसत नाही."

"बरं दिसायला नाही, सापडायला काढलाय ना?"

 पेंटरांनी फसवाफसवी केली नव्हती. कुत्रा काढताना कान फाटकाच काढायचा, असे त्यांच्या मनात होते. हाताने तो आपसूक शिवून टाकला होता, आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. ताई आतून स्टूल घेऊन आली आणि शेजारी बसली. "घे ब्रश. मी सांगते."

मग ती सांगत गेली आणि ते बिघडवत गेले. कान अजून खाली. अजून. केस एवढे दाट नाहीत, राखेसारखे आहेत. पाय सरळ नको, बाहेर वळव. पेंटरांचा हात दर रेघेला अडत होता. वाकडे काढायचे म्हटले की बोटे आपोआप सरळ व्हायची. शेवटी ताईने त्यांचे मनगट धरले आणि कमरेवरची उघडी जागा दोघांनी मिळून रंगवली. काम करता करता ती पुटपुटली, "तुला वाटत असेल, कुत्र्यासाठी राहते आणि भावासाठी राहत नाही."

"मी काही म्हटलंय का?"

"तू कधी काही म्हणतोस?"

तेवढ्यात बेकरीवाली मावशी पावाची पिशवी घेऊन तिथून चालली होती. ओल्या पाटीवर नजर पडली आणि ती जागीच थबकली. "अगं बाई! हा तर आमच्या भट्टीमागचा!"

"कोण?" दोघे एकदमच म्हणाले.

"हाच, हाच! काल-परवापासून राखेच्या ढिगाजवळ पडून असतो. मी पाव घालते त्याला."

"मावशी, अहो, तुमच्याच दारावर पाटी लावलीय आम्ही!"

"पाटीवर दुसराच कुत्रा होता की!" मावशी उलट त्यांच्यावरच घसरली. "मी ह्याला पाव घालून वर त्या पाटीकडे बघत होते, आणि म्हणत होते, एवढं देखणं जनावर, बिचाऱ्यांचं सापडू दे रे देवा."

बेकरीमागच्या बोळात राखेचा ढीग होता, कुत्रा नव्हता. मावशी म्हणाली, दुपारी ट्रे धुवून वाळत घातले की येतो. बातमी ऐकून अर्धी गल्ली बोळाच्या तोंडाशी लोटली होती. पेंटरांनी सगळ्यांना तिथेच अडवले आणि सायकलवाल्याला गप्प बसायला सांगितले. त्याला ते फार जड गेले. ताई एकटीच आत गेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिने हाक मारली नाही.

ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आले तेव्हा कोपऱ्यातल्या मोडक्या खोक्यांमागून राखेने माखलेले एक तोंड बाहेर आले. ठिगळ्या आधी तिच्या चपलेपाशी गेला, मग पदराशी, आणि मग मांडीवर मान टाकून लवंडला. ताईने मान वर केली आणि बोळाच्या तोंडाकडे पाहिले. "छोट्या, ये ना. तिकडे काय उभा राहिलास?"

पेंटर जाऊन तिच्याशेजारी बसले.

त्याच संध्याकाळी ताईने मुलाला फोन करून येत नाही म्हणून कळवले. का येत नाही, हे मुलाने विचारले. ती म्हणाली, इथे कामं आहेत.

काही गोष्टींचा उलगडा मात्र झालेला नाही. अंगणाचे दार गुरुवारी आतून लावलेले होते, असे ताई सांगते; ते कसे उघडले, हे कळलेले नाही. ठिगळ्या सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात त्याचा पट्टा नव्हता. त्या जागी निळ्या सुतळीची सैल, काळजीपूर्वक मारलेली गाठ होती. ती मावशीने बांधली नव्हती. ज्याने कोणी बांधली, तो किंवा ती पुढे आली नाही. आणि कुत्रा सापडला नसता, तर ताई खरोखर गेली असती का, हे पेंटरांनी तिला अजून विचारलेले नाही.