पहिल्या मजल्यावरची घोडी

घोडा जिना चढतो, पण उतरायला तयार होत नाही. वरून बघताना त्याला पायऱ्या दिसतच नाहीत, खड्डा दिसतो. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघं परळमधल्या एका रिकाम्या चाळीच्या फाटकात उभे होतो, आणि पहिल्या मजल्यावरून टापांचा आवाज येत होता.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, माणसांच्या हॉस्पिटलात. डॉक्टर मात्र जनावरांचे. माझ्यापेक्षा बरेच लहान, मला ताई म्हणतात. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, दोघं रिटायर्ड. व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बंद झाल्यावर शहरातले घोडे हळूहळू दिसेनासे झाले. काही वरातीला लागले, काही समुद्रावर मुलांना फिरवू लागले. जे लंगडे, म्हातारे, अधू होते त्यांना लोक पुलाखाली, खाडीकडेला सोडून मोकळे झाले. असे घोडे आणायचे, बरे करायचे, त्यांच्यासाठी जागा शोधायची, हे आमचं सुट्टीच्या दिवसांचं काम.

त्या चाळीच्या वॉचमननेच फोन केला होता. "मॅडम, ऊपर घोडा चलता है. रोज तीन बजे के बाद."

चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झालेली. लोक ट्रान्झिट कॅम्पात गेले होते, वीज-पाणी तोडलेलं, आणि पाडकाम कुठल्याशा कागदावर अडलेलं. वॉचमनला ड्यूटीवर महिना झाला होता. फाटकाला कुलूप, किल्ली त्याच्याच कमरेला.

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत का?" मी विचारलं.

"नहीं देखा. और देखना भी नहीं है."

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. आमच्या बौद्ध घरात भुताखेतांना थारा नव्हता. लहानपणी चाळीमागच्या बंद संडासात बाई रडते अशी आवई उठली, तेव्हा वडील मला हाताला धरून भरदुपारी तिथे घेऊन गेले होते. आत मांजर व्यालेली. "भ्यालीस ना, की जवळ जाऊन बघायचं," ते म्हणाले होते. त्यामुळे जिना चढताना मी पुढे होते, डॉक्टर मागे.

लाकडी जिना, रुंद, मधे एक वळण. वळणावर पोचलो तेव्हा टापा थांबल्या. आम्ही थांबलो. वर कुणीतरी कान देऊन उभं असावं तशी शांतता. मग पुन्हा सुरू झाल्या, पण आता आमच्यापासून लांब जाणाऱ्या. टक, टक, आणि मधेच एक पाय फरफटल्याचा आवाज.

वर लांबच लांब गॅलरी. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओळीने खोल्या, सगळ्यांची दारं सताड उघडी. मावळतीकडच्या नव्या टॉवरने ऊन अडवलेलं, त्यामुळे बाहेर दुपार असूनही तिथे राखाडी उजेड. आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, पांढरी घोडी उभी होती. ती वळली आणि आमच्या दिशेने चालत आली. आमच्यापाशी थांबली नाही. हातभर अंतरावरून वळली आणि परत गेली. भिंतीपाशी वळली आणि परत आली. आम्ही तिथे आहोत हे तिला माहीत होतं, कान आमच्याकडे होते. पण तिचं काम काहीतरी वेगळंच चाललं होतं.

खूर इतके वाढलेले की पुढून वर वळले होते, जुन्या मोजडीच्या टोकासारखे. पाठीवर जखमांचे सुकलेले वण. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं, दुसऱ्या घोड्यांत. जे पाहिलं नव्हतं ते पुढे.

चौथ्या खोलीत प्लास्टिकची बादली होती, काठोकाठ भरलेली. पाणी स्वच्छ, वर धुळीचा कणही नाही. शेजारी हिरवं गवत, पेंढी सोडून पसरलेलं. लीद मोरीत नीट लोटून ठेवलेली. आणि घोडीच्या आयाळीची वेणी घातलेली होती, शाळेतल्या मुलीची घालतात तशी, टोकाला लाल रिबिनीचं फूल.

डॉक्टरांनी कठड्यावरून वाकून विचारलं, "भैया, पाणी कोण देतं हिला?"

खालून वॉचमन म्हणाला, "किसको?"

त्याला खरंच माहीत नव्हतं.

तिला खाली आणायला मधले दोन दिवस गेले, पोलिसांना कळवणं, बिल्डरच्या माणसाची परवानगी. त्या दोन दिवसांत मी ड्यूटीवर जाताना सकाळी गवत-पाणी घेऊन वर गेले. दोन्ही सकाळी बादली भरलेली होती.

गुरुवारी आम्ही आठ जण जमलो. चाळीतल्याच खोल्यांची दारं बिजागऱ्यांतून काढली, जिन्यावर आडवी टाकून उतरण केली, घसरू नये म्हणून त्यांवर काथ्या ठोकला. लोकांनी मागे टाकलेल्या गाद्या गोळा करून दोन्ही कडांना लावल्या. त्या गाद्यांना अजून माणसांचे वास होते, तेलाचे, बाळांच्या दुपट्यांचे. डॉक्टरांनी हलकं इंजेक्शन दिलं. मोरखी चढवली, दोन दोर बांधले. डोळे बांधून पाहिलं तर ती थरथरायला लागली, म्हणून पट्टी सोडली.

दोन तास ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. गूळ दाखवला, गाजर दाखवलं, मागून रेटलं. पुढचे दोन्ही पाय रोवून ती खाली बघायची आणि फुरफुरायची. आमच्यातले बँकवाले काका दमून भिंतीला टेकले. डॉक्टर म्हणाले, "ताई, आज नाही जमणार. उद्या क्रेनवाल्याशी बोलू."

तेवढ्यात तिचे दोन्ही कान एकदम उभे राहिले, पुढे, खालच्या दिशेने. मान सैल झाली. तिने नाकातून एक बारीक, घरंगळता आवाज काढला. घोडे ओळखीच्या माणसाला बघून काढतात तो. आणि तिने पहिला पाय दारावर टाकला.

आम्ही दोर नुसते धरून चालत होतो. ती वळणावर अडखळली नाही. सगळा वेळ तिची नजर जिन्याच्या पायथ्याशी, एकाच जागी. मी सर्वांत पुढे होते. मी तिच्याकडे पाठ करून खाली पाहिलं. पायथ्याशी कुणी नव्हतं. उघडं दार, फरशीवर उन्हाचा तुकडा, त्यात उडणारी धूळ. वॉचमन पार फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून उभा. शेवटच्या पायरीवर ती थांबली, मान खाली घातली आणि क्षणभर तशीच राहिली, कुणी कपाळावरून हात फिरवत असल्यासारखी. वडिलांचं ऐकून जवळ जावं म्हटलं तर मी आधीच जवळ होते, तिच्यापासून दोन हातांवर.

"इंजेक्शन उशिरा लागू झालं," डॉक्टर म्हणाले. हे म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते.

वडाळ्याला, मिठागराच्या कडेला, रेल्वे यार्डाला लागून आमची एक शेड आहे. तिथे तिला नेलं. डॉक्टरांनी पोर्टेबल मशीन आणलं आणि खुरांचे एक्स-रे मी काढले. पुढच्या दोन्ही खुरांत आतलं हाड जागचं फिरून टोकावर उभं राहिलं होतं. म्हणजे रोज चालताना तिला दुखत असणार, फार दुखत असणार. तरी ती चालत होती. नालबंदाने पहिल्या दिवशी थोडेच खूर कापले, मग दर चार आठवड्यांनी थोडे थोडे. पायाखाली रबराचे तळवे बांधले.

वेणी मी सोडवली. घट्ट, सफाईने घातलेली होती. शेवटच्या पेडात पांढऱ्या आयाळीबरोबर एक काळाभोर केस गुंतलेला निघाला, बारीक, माझ्या हाताच्या कोपरापर्यंत पोचेल एवढा लांब. बाईमाणसाचा. मी तो ओढून काढला आणि वाऱ्यावर सोडला. डॉक्टरांना सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी वॉचमनचा फोन. "मॅडम, एक बुढिया आई है. घोडी कहाँ गई पूछ रही है, रो रही है."

मी जेवणाच्या सुट्टीत चालत गेले. चाळीच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, विटकं नऊवारी, शेजारी पाण्याचे दोन कॅन. चौथी खोली तिची होती. पन्नास वर्षं राहिली तिथे. ट्रान्झिट कॅम्पात तिला करमेना, म्हणून रोज सकाळी बसने यायची, मागच्या घरगल्लीत, त्या अरुंद बोळात, पडक्या भिंतीतून आत शिरून लोखंडी जिन्याने वर जायची आणि दुपारपर्यंत आपल्या खोलीत बसून राहायची. फाटकावरच्या माणसाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. आम्ही घोडी नेली त्या दिवसापासून ती तापाने कॅम्पातच पडून होती, आजच आली होती. मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. मी तिला घोडीचं सगळं सांगितलं. ती बरी होतेय म्हटल्यावर तिने डोळे पुसले.

"आजी, मग तुम्हीच तिला वर आणलीत?"

"मी खयसून हाडतलंय, बाय? मी एक दिस इलंय तर ती माझ्या खोलयेत उभी. चतुर्थीच्या आधी."

"आणि तेव्हापासून तुम्ही पाणी देताय."

"व्हय. दुसऱ्या दिसापासून."

"पहिल्या दिवशी?"

"पयल्या दिसा बादली भरलेलीच होती," ती म्हणाली. "माका वाटला, कोण तरी गेला आसतला आताच."

मी वेणीचं विचारलं. तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. असे हात मी रोज एक्स-रेच्या प्लेटवर ठेवून घेते. त्या बोटांना ब्लाउजचं हुक लागत नाही, वेणी कुठली घालणार. आणि डोक्यावर होते ते केस पांढरे, मानेपर्यंत कापलेले.

"येणी होतीच," ती म्हणाली. "रोज नवी घातलेली दिसायची. रिबीन तीच."

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं. मालकाने किंवा त्याच्या घरातल्या कुणी बाईने तिला तिथे लपवली असणार, तीही घरगल्लीतूनच येत असणार, म्हातारी गेल्यावर. मला ते पटतं. अजूनही पटतं. फक्त एवढंच की घोडी गेल्यावर ती बाई कधी विचारायला आली नाही. आणि त्या लोखंडी जिन्याने मी एकदा चढून पाहिलं. तो इतका अरुंद आणि गोल आहे की त्यावरून घोडी वर जाणं शक्य नाही, आणि पुढचं फाटक चाळ रिकामी झाल्यापासून कुलपात होतं.

वडाळ्याला घोडीची तब्येत सुधारत होती, पण दुपारी तीन वाजले की ती चालायला लागायची. शेडबाहेर आमच्याकडे भरपूर मोकळी जागा. तिथे ती सरळ जायची आणि एका ठिकाणी वळायची, परत येऊन दुसऱ्या ठिकाणी वळायची. समोर काही नसताना, भिंत असल्यासारखी. मी पावलं मोजली. मग चाळीत जाऊन गॅलरी मोजली. बरोबर तेवढीच. त्या दुपारी यार्डातल्या वॅगनांचा खडखडाट चालू होता आणि मी मैदानात तिच्या त्या नसलेल्या भिंतीपलीकडे उभी राहून तिला हाका मारत होते. ती माझ्या तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ यायची, बघायची, आणि वळायची. आत कुणीतरी कोंडलेलं आहे आणि आपण खिडकीच्या बाहेरून बघतोय असं वाटायचं. मला तिथे उभं राहवत नसे. तरी मी दर मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, जात होते.

तिच्या नावाचा आम्हाला पत्ता नव्हता. राणी, चांदी, सगळं करून पाहिलं. कान हलला नाही.

त्यावर कुठलं औषध नव्हतं. डॉक्टरांनी तिच्याबरोबर एक गाढवीण ठेवली, गोवंडीकडून आलेली, एक कान फाटलेला, अतिशय हट्टी. गाढविणीला घोडीच्या भिंतीशी घेणंदेणं नव्हतं. ती चरत चरत पार मिठागराच्या बांधापर्यंत जायची. घोडी कडेला उभी राहून खिंकाळायची. असे तीन-चार महिने. मग एका मंगळवारी गाढवीण बांधापलीकडे दिसेनाशी झाली. घोडी वळण्याच्या जागी आली, थांबली. पुढचा पाय उचलला, तसाच अधांतरी धरला. मी शेडच्या खांबाला घट्ट धरून उभी होते. तिने पाय खाली ठेवला, पलीकडे. काही झालं नाही. मग दुसरा ठेवला. मग ती पळत सुटली, वेडीवाकडी, रबराचे तळवे फटफट वाजवत. मी तिथेच बसकण मारली आणि किती तरी वेळ रडले.

त्यानंतर तीन वाजता ती चालली नाही.

आता ती कर्जतकडे एका जोडप्याच्या जमिनीवर असते, गाढविणीसकट. खूर पुरते सरळ नाहीत, पण धावते. मी मागच्या हिवाळ्यात गेले होते. ती कुंपणापाशी आली, माझा हात हुंगला, त्यात खायला काही नाही म्हटल्यावर मान वळवून निघून गेली. तिथल्या बाईंना वाईट वाटलं. "ओळखलं नाही वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नसू दे. मला उलट बरं वाटलं. ती गवतात पाठ टेकून लोळली, चारी पाय वर करून, उठली, अंग झाडलं, आणि गाढवीण होती तिकडे चालू लागली.