मालगाडीचे डबे मोजायचा खेळ

माणूस परक्या घरात शिरला की चपला काढायला खाली बघतो. मी आधी वर बघते. छताला कुठं ओल आहे, कुठं पोपडा सुटलाय, हे बघितल्याशिवाय माझं बूड टेकत नाही. मागं एका लग्नात मी भरल्या पंगतीतून उठून जागा बदलली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं जेव की सुखानं, ते छत काय तुझ्यावर रुसलंय का?" आजूबाजूचे सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

होटगीच्या बाजूला, रेल्वे लाईनला लागून असलेल्या एका गावात माझी जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथली मुख्याध्यापिका. म्हणजे शिकवायचं, खिचडीचं बघायचं, ऑनलाइन माहिती भरायची आणि वर सगळ्यांची बोलणी खायची. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या खोलीच्या छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग गेली होती. मालगाडी गेली की खोली थरथरायची आणि मुलांच्या वह्यांवर पांढरी भुकटी पडायची. मुलं फुंकर मारून पुढं लिहायची. मी मात्र खडू हातात धरून वर बघत राहायची.

दुरुस्तीचा प्रस्ताव मी एकदा नाही, तीनदा पाठवला. पंचायत समितीत गेलं की साहेब म्हणायचे, "मॅडम, यंदाचा आराखडा झाला. पुढच्या यादीत नाव घालतो." पुढच्या वर्षी म्हणायचे, "यादीत नाव आहे, पण निधी नाही." मी तोंडाची फटकळ. "पोरं मेल्यावर येतो का हो निधी?" असं एकदा सरळ विचारलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाले, "असं अभद्र बोलू नये, मॅडम." चारही वर्ग गुरुजींच्या खोलीत कोंबून बघितले, मावेनात. महिनाभर देवळात शाळा भरवली, तर वरून पत्र आलं, की शाळेबाहेर काही झालं तर जबाबदारी तुमची. आत काही झालं तर कुणाची, हे कुणी कळवलं नाही.

मग मी माझ्यापुरता एक बंदोबस्त केला. गाडीचा आवाज आला की मी म्हणायची, "चला, डबे मोजा!" की सगळी पोरं धावत अंगणात. ज्याचा आकडा बरोबर, तो त्या दिवशी वर्गाचा मॉनिटर. पोरांना वाटायचं, बाई गणित शिकवतायत. मी अंगणात उभी राहून डबे नाही, पोरं मोजायची. सव्वीस भरली की श्वास सोडायची. शेवटचा डबा लांब जाईपर्यंत कुणाला आत सोडायची नाही.

त्या वर्षी तालुक्यात शाळा सजावटीची स्पर्धा लागली. दुरुस्तीला कुणाकडं काही नव्हतं, पण रंगाला गावानं हौसेनं वर्गणी काढली. सोलापुरातून पेंटर आला. बाहेरच्या भिंतीवर त्यानं रेल्वेचे डबे काढले, डब्याडब्यावर पाढे. माझ्या खोलीत येऊन वर बघितलं आणि म्हणाला, "बाई, एवढी भेग चांगली दिसंना की. पुट्टी भरून टाकू?" मी म्हटलं, भरा. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण फाटक्या गादीवर चादर टाकतोच की! त्यानं भेग बुजवली, अख्खं छत निळं केलं आणि त्यावर सूर्य आणि ग्रह काढले. इतकं देखणं झालं की मीच दोन दिवस मान वर करून बघत होते.

त्या छतावरून आमच्या शाळेत एक नवी मुलगी आली. तिची आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. पोरीला हाताला धरून आली आणि म्हणाली, "इंग्लिश शाळेत नुसती फी मागत्यात, बाई. तुमी तर वर्गात आभाळ काडलंय म्हणं. पोरगी ऐकंना, हितंच घाला म्हंती." पोरगी अंगानं बारकी, डोळ्याला चष्मा. तिला धरून माझी पोरं सत्तावीस झाली. तिला मी पुढं बसवलं, अगदी शनीच्या कड्याखाली.

स्पर्धेचे साहेब आले त्याच दिवशी छत तपासायला बांधकामाचे इंजिनिअरही आले. माझ्याच तिसऱ्या प्रस्तावावरून आले होते. त्यांनी वर बघितलं. "वा! सूर्यमालाच आणली की! कुठंय भेग?" शेजारी साहेब कौतुकानं बघत होते, गावातली मंडळी हार घेऊन उभी होती. आमची शाळा पहिली येणार, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. भेग शनीच्या खाली आहे, मीच बुजवलीय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. जी बाई साहेबाला तोंडावर बोलते, तिच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप बसलं. इंजिनिअरनी 'खोली सुस्थितीत' असं लिहिलं आणि त्याखाली मी सही केली.

तेवढ्यात मालगाडी आली आणि पोरं सवयीनं अंगणात पळाली. साहेब हसले. "मॅडम, पोरांना गाडी बघायला सोडता होय?" सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी तो खेळ बंद केला. पोरांना बाहेर काढायचं म्हणजे माझ्याच सहीवर माझा विश्वास नाही, असं व्हायचं. खरंच नव्हता. रात्री झोप लागायची नाही, दिवसा गाडी आली की फळ्याला धरून उभी राहायची. पोरांना दिसू नये म्हणून फळ्याकडं तोंड करायची.

मग एक दिवस जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. भागाकार घातले होते. लांबून गाडीचा आवाज आला. एका मुलानं विचारलं, "बाई, मोजू का?" मी वसकन ओरडले, "गप! भागाकार कर." खोली थरथरायला लागली. पुढं बसलेल्या त्या चष्म्याच्या पोरीनं वहीवरून हात फिरवला आणि तळहात माझ्याकडं करून दाखवला. तळहात निळा झाला होता.

मी किंचाळले, "डबे मोजा! पळा!"

पोरं किती खूश झाली! हसत, ढकलत, दप्तरं टाकून पळाली. मी दारात उभी राहून एकेकाला बाहेर लोटत होते. सगळी गेली म्हणून मी पायरी उतरले, आणि मागं असा आवाज झाला की गाडीचा आवाजही त्यात बुडाला. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. पोरं मात्र मोजतच होती. अडतीस, एकोणचाळीस.

मी पोरं मोजली. सव्वीस. पुन्हा मोजली. सव्वीसच. चष्मा कुठं दिसेना. खिचडी शिजवणाऱ्या मावशी "अय्यो शिवा, शिवा" करत मला मागं ओढत होत्या. त्यांच्या हाताला हिसडा देऊन मी आत शिरले. गुरुजी माझ्या मागोमाग. जिथं सतरंजी होती तिथं सळया आणि गिलाव्याचा ढीग. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि हातानं ढेकळं उपसत होते. ढेकळांवर निळा रंग होता. देवा, माझा हात तोड, पण ही पोर दे, असं मी मोठ्यानं म्हणत होते.

दारातून आवाज आला, "बाई, चौपन्न! इंजन सोडून."

ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. नवी होती, हा खेळ तिच्या अजून अंगवळणी पडला नव्हता. चष्म्यातून अंगणातून नीट दिसेना, म्हणून पुढं जाऊन मोजत होती. मी तिला छातीशी धरून जमिनीवर बसले आणि गळा काढून रडले. पोरं भेदरून बघत राहिली. बाई रडताना त्यांनी कधी बघितली नव्हती.

मग सगळे आले. साहेब आले, गाड्या आल्या, फोटो निघाले. इतकी वर्षं नसलेला निधी आठ दिवसांत निघाला. इंजिनिअरनी विचारलं, "मॅडम, आधी काही दिसत होतं का?" या वेळी मी सांगितलं, मीच बुजवून घेतली होती. मला नोटीस आली. ती मी गुपचूप घेतली, भांडले नाही.

नवी खोली होईपर्यंत आम्ही मांडवात बसत होतो. एक दिवस ती पोरगी वही दाखवायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ती खोली पडणार, हे तुमाला ठावं होतं व्हय? म्हणून डबे मोजायला सांगितलं?"

मी म्हटलं, "व्हय."

ती वही घेऊन जागेवर गेली.

आता खोली नवी आहे, पक्की आहे, एकही भेग नाही. गाडी आली तरी भुकटी पडत नाही. पण सकाळी दार उघडलं की ती पोरगी उंबऱ्यावर थांबते, आधी वर बघते आणि मगच आत पाऊल टाकते. तिच्या मागं मी उभी असते. तिला आत जा म्हणायला मला तोंड नाही.