दुपारी येणारी पोर

या सदरातले अनुभव मी आजवर लाल शाईचं पेन हातात धरल्यासारखेच वाचत आले. इथे भर घातली आहे, इथे योगायोगाला नटवलं आहे, इथे भीती आधी ठरली आणि प्रसंग नंतर सुचला... अशा खुणा मनातल्या मनात करत. एम.ए.ला कविता हा माझा विषय होता. शब्द माणसाला काय काय दाखवू शकतात, हे पुरतं ठाऊक असल्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच बसला नाही. आजही बसला आहे असं म्हणवत नाही. परंतु जे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर – आणि खरं सांगायचं तर माझ्या नाकासमोर – घडलं, ते कुठेतरी नोंदवून ठेवावं असं वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर सुरतेत, उधन्याला. दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. मागांची खडखड इथे इतकी अखंड असते की काही दिवसांनी तो आवाज उरत नाही, हवा होतो. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हांला माग थांबले की जाग येते. मी जवळच्या मराठी शाळेत सकाळच्या पाळीला शिकवते. यजमान एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी नणंद सुजाता शहाद्याहून आमच्याकडे आली. ती नर्स. जीएनएम झालेली, तिकडच्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं काढलेली. तिचे मिस्टर गेले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तिथल्या पगारात घर ओढणं दिवसेंदिवस अशक्य होत चाललं होतं. सहा वर्षांच्या जुईला तिने आजीजवळ ठेवलं आणि सुरतेत नोकरी शोधायला आली. ठरलं होतं ते असं : जूनमध्ये शाळा उघडायच्या आत किमान पंधरा हजारांची नोकरी मिळाली, तर खोली घ्यायची आणि जुईला आणायचं. नाही मिळाली, तर परत जायचं. "भावाच्या घरी एकटी राहीन दोन महिने," ती आल्या दिवशीच म्हणाली, "पण लेकीला घेऊन पाहुणी म्हणून नाही राहणार, वहिनी."

सुरतेत नर्स पाहिजेतच, असं सगळे सांगत. ते खरंही होतं. फक्त त्या कोणत्या पगारात पाहिजेत, हे कोणी सांगत नव्हतं. तिचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं. ते गुजरातेत होऊन येईपर्यंत तिला शिकाऊ धरायचं, म्हणजे नऊ हजार आणि बारा तासांची ड्युटी, असं एका ठिकाणी सांगितलं. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या हॉस्पिटलात अठरा देत होते. मात्र मूळ सर्टिफिकेटं दोन वर्षं त्यांच्याकडे जमा करायची, होस्टेलमध्ये राहायचं, आणि मूल सोबत चालणार नाही. ते ऐकून सुजाता "थँक यू मॅडम" म्हणून उठली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही सोबत होते. खाली आल्यावर तिच्यासाठी उसाचा रस घेतला, तर ग्लास हातात धरून ती नुसती उभी राहिली. बर्फ विरघळला तरी तिने तो ओठांना लावला नव्हता.

घरी हे बहीणभाऊ अहिराणीतच बोलतात. यजमानांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला, "नऊ हजार? तू साडीसना दुकानमा लाग, जास्ती पगार भेटी."

"साडीले सलाईन लावता येत नही ना, दादा," ती म्हणाली. हसलो सगळेच, तीही हसली, आणि मग उठून भांडी घासायला गेली.

आता मूळ गोष्ट. सकाळभर ती फाईल घेऊन दवाखाने हिंडायची. मी शाळेतून परतायचे तेव्हा तीही नुकतीच उन्हातून आलेली असायची. जेवण झालं की चटईवर आडवी व्हायची आणि क्षणात झोपायची. एरवी दुपारी झोपणाऱ्यांतली ती नव्हे. शेजारी बसून मी वह्या तपासत असे. तिसऱ्या-चौथ्या दुपारी माझ्या लक्षात आलं – तिचे हात झोपेत हालत होते.

ते स्वप्नातले अस्ताव्यस्त हातवारे नव्हते. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी ती चटईवर दोनदा हलकेच ठोकायची. थोडं थांबायची. मग बोटाने एक आडवी रेघ ओढायची. आणि मग दोन्ही हात असे पुढे जायचे, जणू एखादं जड, दुखरं काही अलगद कुशीवर वळवायचं आहे. अधूनमधून चटईवर बोटाने एक गोल.

त्या खुणा मला माहीत होत्या. माझे सासरे आयुष्यभर मालेगावात मागावर होते आणि चाळिशीतच त्यांचे कान गेले. ओरडून बोललेलं त्यांना ऐकू येत नसे आणि कोणी ओरडलं की अपमान वाटत असे. म्हणून लहानग्या सुजाताने त्यांच्या तळहातासाठी एक भाषा रचली होती. पेरांनी दोनदा ठोकलं की 'मी आहे'. गोल म्हणजे पाणी. आडवी रेघ म्हणजे कूस बदला. शेवटच्या आजारात सासरे याच भाषेवर जगले. आपण त्या खुणा आता प्रत्येक पेशंटला करतो, हे सुजाताच्या त्या वेळी लक्षातही येत नसे; तिच्या जुन्या दवाखान्यातल्या मैत्रिणी म्हणे तिला त्यावरून चिडवायच्या.

तेव्हा झोपेत तिला वडील दिसत असतील, असं मी समजले. साधी, सुंदर उपपत्ती होती. पण मग वासाचं काय?

उठल्यावर तिच्या हातांना वास यायचा. खोबरेल तेलात कापूर घालून कोमट केल्यावर येतो तो – गोडसर, थंड, किंचित डोळ्यांत चढणारा. आमच्या घरात कापूर फक्त देव्हाऱ्यापाशी, तोही डबीत बंद. मी एकदा तिचा हात नाकाशी धरून विचारलं, "काय लावतेस गं?"

"साबण, वहिनी. तुमचाच." तिने हात हुंगला आणि नाक उडवलं. "मला तर काहीच वास येत नाही. तुम्ही कवितावाल्या, तुम्हांला काहीही येतो."

दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच वास आला.

मधल्या एका दिवशी आम्ही सचिनला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीसाठी नर्स हवी होती. दुपारभर बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी गुजरातचं रजिस्ट्रेशन नाही म्हणून परत पाठवलं. परतीच्या बसमध्ये सुजाता खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "वहिनी, जुईला कसं सांगू?" मे संपत आला होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी बमरोलीच्या एका छोट्या हॉस्पिटलमधून फोन आला. आम्ही दोघी त्या भागात पहिल्यांदाच जात होतो. पत्ता विचारत, दोनदा चुकत पोचलो, तोवर दुपार झाली होती. मेट्रन हंसाबेन – ठेंगण्या, कपाळावर मोठी टिकली, बोलणं तडातडा. फाईल त्यांनी उघडलीही नाही.

"जो बेन, पगारनी वात पछी. पहेला हाथ जोईए," म्हणाल्या – पगाराचं नंतर, आधी हात पाहू – आणि काम पाहायला म्हणून सुजाताला वॉर्डात घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. चाळीस वर्षं सुरतेत माग चालवलेले, कानांनी ठार बहिरे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांचा मुलगा भगवान पायथ्याशी डबा आवरत होता. त्याला त्या दिवशी कारखान्यात कामावर पोचायला उशीर झाला होता. हंसाबेन आम्हांला हिंदीत म्हणाल्या, "आप्पा किसी को हाथ लगाने नहीं देते. सिस्टर को देखते ही हाथ झटक देते हैं. इनको करवट दिला के दिखाओ."

सुजाता खाटेजवळ गेली. सवयीने तिने त्यांच्या मनगटावर पेरांनी दोनदा ठोकलं.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. तोंडही वळवलं नाही. जड जिभेने, पण अगदी ओळखीच्या रागाने म्हणाले, "आज उशीर व्हयना तुले, माय. परवा तं तू उनीच नही. मी वाट देखी ऱ्हायंतू."

आज तुला उशीर झाला. परवा तर आलीच नाहीस... 'परवा' आम्ही सचिनला होतो. त्या एकाच दुपारी सुजाता झोपली नव्हती.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं रिकामं आश्चर्य. मग आप्पांनी चांगला हात पुढे केला, तळवा उघडला आणि वाट पाहू लागले. तिने त्यावर आडवी रेघ ओढली. त्याबरोबर त्यांनी स्वतःहून खांदा सैल सोडला. तिने त्यांना कुशीवर वळवलं, आणि मी मागच्या खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला, कारण त्यांच्या पाठीकडून तो वास आला. कापूर घातलेलं खोबरेल. स्टुलावर बाटली होती.

"रोज सकाळी मीच लावतो," भगवान म्हणाला. "गावाकडून आई करून पाठवते." मग तो थोडा चाचरला. "ताई, बाबा सांगत होते, दुपारी एक पोर येते, फिरवते, पाणी पाजते. मला वाटलं इथल्याच सिस्टर असतील."

"अहीं कोण छे दुपारे?" हंसाबेन म्हणाल्या. "एक ज बेन होय, ए पण इंजेक्शनमां!" दुपारी एकच नर्स, तीही इंजेक्शनांत अडकलेली. पण त्या आता आप्पांच्या पाठीकडे वाकून पाहत होत्या. कमरेवर झोपून झोपून झालेली जखम होती. ती कडेने सुकत आली होती, गुलाबी, स्वच्छ. अशी जखम माणसाला वेळोवेळी कूस बदलून दिल्याशिवाय सुकत नाही, हे सुजाताने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी हंसाबेन एवढंच म्हणाल्या, "मैं तो समझी थी, लड़का करता है."

"मी दुपारी मागावर असतो, बेन," भगवान म्हणाला.

आप्पांनी सुजाताचा हात धरून ठेवला होता, आणि हंसाबेन त्या धरलेल्या हाताकडे पाहत होत्या. त्या हिशेबाला पक्क्या. "बारा हजार," त्या म्हणाल्या. "रजिस्ट्रेशन आवे पछी जोईशुं." म्हणजे रजिस्ट्रेशन आल्यावर पुढचं बघू.

मला वाटलं, आता ही 'हो' म्हणेल. त्या म्हाताऱ्या बोटांतून हात सोडवून घेऊन नकार देणं मला तरी जमलं नसतं. सुजाता हात न सोडवताच बोलली, अडखळत्या हिंदीत, पण ताठ मानेने. "बारा में मेरी बेटी नहीं आ सकती, बेन. पंधरा. सर्टिफिकेट की झेरॉक्स दूँगी, ओरिजिनल नहीं. और दुपहर की ड्यूटी मुझे दो, जो कोई नहीं लेता."

हंसाबेन फाईल काखेत मारून म्हणाल्या, "भारे छोकरी छे," – भारी पोरगी आहे – आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

मी पुढे शक्य तेवढी चौकशी केली. वॉर्डातला कॅमेरा औषधांच्या काउंटरकडे तोंड करून असतो, त्यात आप्पांची खाट दिसत नाही. आप्पा साक्रीकडचे, माझ्या सासऱ्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, मालेगावला किंवा शहाद्याला ते कधी गेले नव्हते. मागावरच्या माणसांच्या हाताच्या खुणा सगळीकडे असतात, हे मी जाणते. पण तळहातावरची रेघ आणि गोल आप्पा मागावर शिकले नव्हते. "पोरनी शिकाडं," ते म्हणत – पोरीने शिकवलं. सुजाता कामावर रुजू झाली त्या दिवसापासून तिची दुपारची झोप संपली. आप्पा पुढे काठी टेकत घरी गेले. मी तिला एकदा थेट विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला काही आठवत नाही, वहिनी. एवढंच, की त्या दुपारी उठल्यावर अंग ड्युटी करून आल्यासारखं दुखायचं. आणि बरं वाटायचं. कामाविना हात फार जड झाले होते माझे." हे स्पष्टीकरण नव्हे. माझ्याजवळ याचं स्पष्टीकरण नाही, आणि ज्या डॉक्टरांना विचारलं त्यांच्याजवळही नव्हतं.

जूनमध्ये जुई आली. आमच्याच गल्लीत खोली मिळाली. ती माझ्या शाळेत येते, दुपारी माझ्याजवळ असते. एका रविवारी सगळे जेवायला बसलो असताना यजमानांनी हा विषय पुन्हा काढला. जुई ऐकते आहे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"मम्मी," तिने विचारलं, "तू झोपेत त्या आजोबांकडे जायची?"

"काय माहीत बेटा. ते म्हणतात."

"मग माझ्याकडे का नाही आली?"

सुजाताचा घास हातातच राहिला. यजमान पाण्याच्या तांब्याकडे पाहू लागले.

जुईने स्वतःच विचार केला. कपाळाला आठी घालून, अगदी गंभीरपणे. "शहादा लांब पडतं का?"

"हो गं," सुजाता म्हणाली. "लांब पडलं."

जुईने समजल्यासारखी मान हलवली, आणि आईच्या ताटातली कांद्याची फोड उचलून तोंडात टाकली.