पातेलं द्यायचं राहिलंय

दिवाळीनंतरचा रविवार, १९५३, निर्वासितांचा कॅम्प एक. हजर: मी, सासूबाई, वाढदिवसवाली धाकटी लेक आणि शेजारच्या सिंधी भाभी, स्वतःचं पातेलं घेऊन.

भाभींनी चिमूटभर बेकिंग पावडर आधी गरम पाण्यात टाकून फसफस ऐकायला कान लावला. "बोलती है! चलो." मग पातेल्यातल्या वाळूवर केकचा डबा ठेवला, झाकणावर निखारे. "कोई खोलेगा नहीं!"

त्या हात धुवायला गेल्या आणि करपेल या भीतीने सासूबाईंनी झाकण उचललं. केक मधोमध बसला. धाकटी रडवेली, सासूबाई झाकण हातात धरून उभ्या.

भाभींनी परत येऊन दोघींकडे पाहिलं. "रोती क्यों है? खड्डा मैंनेच रखा. अम्मा, मोरंब्याची बरणी काढा!"

सासूबाईंनी बरणी अख्खी त्या खड्ड्यात रिकामी केली. केकचा कणही उरला नाही.

पातेलं घासून ठेवलंय. पण रिकामं परत कसं द्यायचं? आणि माझा केक अजून फुगत नाही.