आमचा चैत्र लागायचा होता

त्या वर्षी चौधरीने सगळ्या शेतात मोहरी पेरली, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. नाही कळलं.

चौधरी म्हणजे आमचा घरमालक. दिल्लीच्या द्वारकेत आज जिथे सोसायट्या आहेत त्याच्या पलीकडे एक गाव होतं. आता ते गाव राहिलं नाही, नुसती गल्ली राहिली आहे. तिथे त्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी आणि बायको पुष्कळ वर्षं राहिलो. मी सरकारी ऑफिसात गाडी चालवायचो. शाळा चौथीला सुटली, त्यामुळे मी लिहितो ते बोलल्यासारखंच होईल. बायको या पौषात गेली. मुलगा म्हणतो, बाबा, आईबद्दल काही लिहून ठेवा. तिच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो की आधी हेच आठवतं. म्हणून हेच लिहितो.

चौधरी तेव्हा माझा दोस्त होता. संध्याकाळी तो खाटेवर बसायचा, मी गाडी लावून आलो की बोलवायचा, "आ जा मरहट्टे, बैठ." हुक्क्याचा धूर सोडत तो हवा सांगायचा. फाल्गुनात थंडी हळूहळू उतरली पाहिजे, एकदम नाही. एकदम ऊन तापलं तर दाणा भरायच्या आत सुकतो, ओंबी वरून भरदार दिसते आणि आत नुसती साल. म्हशीही तशाच, एकदम तापलं की दूध आटवतात. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की पीक नीट पिकतं, त्याला तो पछवा म्हणायचा. पुरवा सुटला, म्हणजे पूर्वेचा, की ढग, दमट हवा, आणि ऐन पिकलेलं पीक आडवं. आडव्या पिकाचा भुसा काळा पडतो आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. हे सगळं मला त्याने शिकवलं. तो चांगला शिकवायचा. खोटं कशाला सांगू.

आता त्याच्या शेतातल्या कोपऱ्याची गोष्ट. एका वर्षी फाल्गुनात गारा पडल्या. लिंबाएवढ्या. चौधरी मंडीत गेलेला, आणि त्याची म्हैस व्यायला आलेली. पारडू अडकलं होतं. चौधरीण ओरडत आमच्या दारात आली. माझी बायको माहेरी गुराढोरांतच वाढलेली. डोक्यावर पितळी परात धरून ती गारांतून गोठ्यात गेली, कोपरापर्यंत हात घातला आणि पारडू ओढून काढलं. परातीला पोचे पडले, ते शेवटपर्यंत होते. चौधरी आल्यावर तिच्या पाया पडायला लागला. म्हणाला, "भाभी, माँग, क्या चाहिए."

ती म्हणाली, "साडी-बिडी नको. शेताचा एक कोपरा द्या."

तिला खपली पेरायची होती.

खपली हा आमच्याकडचा जुना गहू. लांब, तांबूस, अंगाला टरफल घट्ट धरून बसलेला. उखळात सडल्याशिवाय खाता येत नाही. पण त्याचा चीक काढून केलेली कुरडई तेलात टाकली की कमळासारखी फुलते. दिल्लीच्या गव्हाची ती फुलत नाही, चिवट होते. तिच्या आईने लग्नात एका डब्यात हे बी बांधून दिलं होतं. आईला तिच्या आईने दिलेलं. माहेरी पुढे पाटाचं पाणी आलं, सगळा ऊस झाला, खपली कुणी लावेना. म्हणजे ते बी जगात उरलं असेल तर आमच्या डब्यात. तिला असंच वाटायचं. मी हसायचो, पण वाटायचं मलाही.

चौधरीने विहिरीजवळचा कोपरा दिला. पाच-सहा वर्षं ती तिथे खपली पेरत होती. कार्तिकात पेरायची, चैत्रात कापायची. निम्मं बी मागे ठेवायची, काही झालंच तर हाताशी असावं म्हणून. खपली इथल्या गव्हापेक्षा उशिरा पिकते. चौधरी येताजाता चिडवायचा, "भाभी, तुम्हारा गेहूँ भी तुम्हारे चैत की तरह है. सबके बाद."

हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. दिल्लीकडे होळीची पौर्णिमा संपली की दुसऱ्या दिवशी चैत लागतो. आपल्याकडे नाही. आपला फाल्गुन अमावास्येपर्यंत चालतो आणि चैत्र पाडव्याला लागतो. मध्ये पंधरवडा. महिना एकच, पण त्यांचा आधी येतो, आपला नंतर. चौधरीला हे पाठ होतं. दर पाडव्याला तो आमच्याकडे पुरणपोळी खायचा आणि हेच बोलायचा. "इनका चैत आज आया है! हमारा आधा निकल लिया." एकदा तर म्हणाला, पानिपतलासुद्धा असंच झालं असणार. इकडे लढाई लागली आणि तुम्ही म्हणालात, थांबा, आमची तिथी यायची आहे.

मी हसलो होतो. बायको नव्हती हसली. म्हणाली, "भाऊसाहेब, पोळी खाताय ती आमच्याच तिथीची आहे. खा गुमान." तो गप खाऊ लागला. आणखी दोन मागून घेतल्या.

कुरडया त्याला फार आवडायच्या. त्याला ते नाव घेता यायचं नाही. "वो सफ़ेद वाली" म्हणायचा.

तर ते वर्ष. तेव्हा चारी बाजूंनी नव्या वसाहतीच्या सेक्टरांचे दगड रोवले जात होते. गावातल्या लोकांनी बंगले बांधायला घेतले होते, छपरांवर तव्यासारख्या डिश लागत होत्या. बैलगाडीच्या जागी पोरं मोटरसायकल धुवायची. चौधरी म्हणायचा, मी जमीन विकणार नाही, माझ्या म्हशी कुठे जातील. आम्ही विश्वास ठेवला. न ठेवायचं कारण नव्हतं.

पेरणीच्या वेळी तो बायकोला म्हणाला, "भाभी, इस बार चैत लगते ही कोना खाली कर देना. ज्वार बोनी है, भैंसों के लिए." उन्हाळी चारा लवकर पेरायचा आहे, एवढंच आम्ही समजलो. ती म्हणाली, "बिल्कुल. चैत लागला की कापते." ती पाडवा समजली. मी तिथेच उभा होतो, मीही पाडवाच समजलो. तिच्याशी बोलताना तो नेहमी तिचाच चैत्र धरून बोलायचा. त्या दिवशी त्याने धरला नाही, आणि सांगितलंही नाही.

आणि बाकीच्या सगळ्या शेतात त्याने मोहरी पेरली. दरवर्षी गहू पेरणारा माणूस. मी विचारलं तर म्हणाला, सरसोंला भाव आहे. खरं असं होतं की मोहरी होळीच्या आत निघते. गहू निघत नाही. त्याला शेत होळीला मोकळं हवं होतं. प्लॉट पाडणाऱ्याशी त्याचं बोलणं कार्तिकातच पक्कं झालं होतं. हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्याने कधीच सांगितलं नाही.

आमच्या बाजूने एक वाईट गोष्ट झाली होती. त्या पावसाळ्यात बियाच्या डब्याला ओल लागली आणि बऱ्याचशा बियाला कीड लागली. चांगलं निवडून काढलं ते एकदा पेरण्यापुरतंच होतं. ती दोन दिवस विचार करत बसली. मग म्हणाली, "अहो, ठेवून तरी काय उपयोग, पुढच्या पावसात हेही जाईल. सगळं पेरते." सगळं पेरलं. डबा घासून उन्हात पालथा घातला.

उगवलं छान. पण माघात थंडी लांबली. फाल्गुनात पुरवा सुटला, रोज ढग, दोन-तीनदा पाऊस. चौधरीची मोहरी त्याआधीच भरली होती, ती निघून गेली. आमची खपली मागे पडली. एरवी होळीला ओंबी पिवळी पडायला लागायची, त्या वर्षी हिरवीगार. बायको रोज एक ओंबी मोडायची, दाणा नखाने दाबायची. पांढरं दूध यायचं. आपल्याकडे म्हणतात दाणा चिकात आहे. ती म्हणायची, "पंधरा दिवस पछवा वाहू दे. पाडव्यापर्यंत होतो की नाही बघा."

होळीच्या आदल्या दिवशी वारा फिरला. पश्चिमेचा. तिने अंगणात पदर धरून बघितला, कुठल्या बाजूला उडतो. खूश झाली. त्या खुशीतच आम्ही पहाडगंजला तिच्या मामेबहिणीकडे होळीला गेलो. रंगाच्या दिवशी बसगाड्या नसतात म्हणून तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो.

शेत साफ होतं. विहिरीजवळचा कोपराही साफ. चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, खुंट्या ठोकल्या होत्या. एक रेघ बरोबर तिच्या खपलीवरून गेलेली.

मला वाटलं ती ओरडेल. ती सरळ गोठ्यात गेली. म्हशींच्या गव्हाणीत हिरवी खपली कापून टाकलेली. ज्या म्हशीचं पारडू तिने गारांत ओढून काढलं होतं, ती म्हैस चवीने खात होती. बायकोने गव्हाणीत हात घातला आणि ओंब्या वेचायला लागली. म्हैस तिचा हात चाटत होती. ओळखीची ना.

चौधरी आला. गालावर अजून गुलाल होता. म्हणाला, "क्या हुआ भाभी? बोला तो था. चैत तो कल ही लग गया."

ती म्हणाली, "आमचा नाही लागला."

तो म्हणाला, "अब दिल्ली में तो दिल्ली का ही चैत चलेगा ना."

मी म्हणालो, चौधरी, तुला माहीत होतं. तो म्हणाला, मरहट्टे, दोन मुठी गव्हासाठी तोंड खराब करू नको, मंडीतून पोतं आणून टाकतो. संध्याकाळी पोतं आलंसुद्धा. बायकोने त्याला हात लावला नाही. ते दारातच राहिलं, उंदरांनी खाल्लं.

वेचलेल्या ओंब्या तिने गच्चीवर वाळवल्या. दाणा सुरकुतला, मेथीएवढा झाला. चिकातला दाणा कापला की असंच होतं. कार्तिकात तिने तो तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती घालून पेरला. रोज पाणी घातलं. काही आलं नाही. माती तिने तुळशीत टाकली. त्याबद्दल ती पुढे एक शब्द बोलली नाही, आणि कुरडया कधी केल्या नाहीत. दुकानातल्या आणायची.

लोक म्हणतात हवेने दगा दिला. टीव्हीवरसुद्धा म्हणतात, अवकाळीने दगा दिला, उन्हाने दगा दिला. मला हे ऐकवत नाही. हवा कुणाला शब्द देते? ढग आले, पाऊस आला, थंडी लांबली, ते त्यांचं काम. पछवासुद्धा होळीला आला होता, थोडा उशिरा, पण आला होता. दगा फक्त माणूस देतो. त्याला समोरच्याचं सगळं माहीत असतं म्हणूनच देता येतो. परक्या माणसाला आमचा चैत्र कधी लागतो हे ठाऊकच नसतं. त्याला मी काय म्हणणार होतो?

पुढे आम्ही खोल्या सोडल्या. मुलगा नोकरीला लागला, द्वारकेत फ्लॅट झाला. गेल्या वर्षी ती आजारी होती तेव्हा सूनबाईने गुडगावच्या मॉलमधून खपलीचं पाकीट आणलं. छान चकचकीत. आता साखरेचा आजार असणाऱ्यांना चालतो म्हणून विकतात. मी खीर केली, गूळ घालून. तिने एक चमचा खाल्ला. म्हणाली, "चांगली झालीय हो. आपली नाही."

एवढंच. इतक्या वर्षांनी एवढंच बोलली.

आता या होळीचं सांगतो. इकडे रिवाज आहे, घरात माणूस गेलं की पहिल्या होळीला लोक भेटायला येतात. रंगाच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात चौधरी. काठी, कानात मशीन, नातवाच्या मोठ्या गाडीतून आला होता. मी आत घेतलं. दारात आलेल्या माणसाला काय करणार. तो तिच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभा राहिला. डोळे पुसले. खरे होते अश्रू, मी बघत होतो.

बसल्यावर मी विचारलं, "चौधरी, तो विहिरीजवळचा कोपरा आठवतो?"

"कौन सा?"

"जिथे ती गहू लावायची."

त्याने पुष्कळ आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, "अच्छा, वो. कोने वाला प्लॉट. वो तो सबसे पहले बिका था."

"आणि गहू?"

"कैसा गेहूँ?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो लपवत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला मनात उभा करून जाब विचारत होतो, आणि तो तिथे नव्हताच. त्या दिवशी त्याने जे केलं ते त्याने घरी पोचेपर्यंतही जपून ठेवलं नसेल. ते जपलं आम्ही दोघांनी. आता मी एकटा.

सूनबाईने चहा आणला. त्याने बशीत ओतून प्यायला, पूर्वीसारखा. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "भाभी वो सफ़ेद वाली तलती थी. फूल जैसी. अब कोई नहीं बनाता?"

मी म्हणालो, "ती तुझ्या म्हशींनी खाल्ली."

मशीन ठीक करत त्याने विचारलं, "क्या?" मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

तो हसला. माझ्या गुडघ्यावर थाप मारली. त्याला वाटलं, मी पूर्वीसारखी थट्टा केली.