आत्याचा कोपर

आमच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या फोटोत आत्याचा कोपर आहे. आत्या नाही.

फोटो मी काढला होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये, जिवापाड जपलेल्या माझ्या पन्नास एमएमच्या लेन्सनं. एकट्या माणसाचा चेहरा ही लेन्स असा टिपायची की बघत राहावं. पण माणसं चाळीस झाली की तिच्यात मावायची नाहीत. मागं सरकत सरकत मी मठ्ठ्याच्या पिंपाला टेकलो. आचारी ओरडला, "पावणं, आता आत बसताय काय?" आणि घाबरून मी बटण दाबलं. उजव्या टोकाला बसलेली आत्या फोटोबाहेर गेली. हिरव्या बांगड्यांचा कोपर तेवढा आत आला. तो फोटो आम्ही (नीट न बघता!) भला मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, वडिलांना हिनंच वाढवलं. ती आली, फोटोपुढं उभी राहिली. चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुऱ्या, ह्यात मी कुठं हाय?"

मी कोपर दाखवला. (दाखवायला नको होता.)

"तुझ्या बापाला ह्याच हातानं भरवलं. तर हातच ठेवलास व्हय?" एवढं बोलून ती चहा न घेता नृसिंहवाडीला आपल्या घरी निघून गेली. पुढं दीड वर्ष तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही. वडील फोन करायचे. ती उचलायची, "कोपर बोलतोय," म्हणायची आणि ठेवून द्यायची. भाऊबीजेला वडील पाट मांडून दुपारपर्यंत बसले आणि मग पाट स्वतःच उचलून ठेवला. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

अशात आत्याची पंचाहत्तरी आली आणि आईमार्फत निरोप आला: "समदं खानदान एका फोटोत पायजे, आन् मी डोस्क्यापासनं पायापतोर. तसा निघाला तर ह्या भाऊबीजेला येतो म्हणावं."

म्हणजे रुंद लेन्स हवी. बायकोनं कायदा सांगितला, "अहो, जुनी विका, मग नवी आणा. हे घर हाय, दुकान न्हाय."

मोबाईलवर जाहिरात टाकली. तिसऱ्या दिवशी एक मिशाळ गृहस्थ आले. लग्नाचे फोटो काढतो म्हणाले. लेन्स फिरवून बघितली आणि थबकले.

"हे लाल काय म्हणायचं?"

"कुंकू. खंडेनवमीचं. आई सगळ्याच हत्यारांची पूजा करते. मिक्सर, स्कूटर, लेन्स."

त्यांनी लेन्स कपाळाला लावली. किंमत ठरली, हात खिशात गेला. एवढ्यात आई चहा घेऊन आली आणि व्यवहार पुरा होईपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात कुणी कुणाला विचारू नये तो प्रश्न तिनं विचारला.

"पावणं, गाव कुठलं?"

"नेसरी."

आईच्या हातातल्या कपबश्या वाजल्या. तिचं माहेर नेसरी!

"नेसरीत कुठं?"

"गिरणीच्या मागं."

"म्हंजे शेवंताचा काय तू?"

"व्हय की! धाकटा."

"अगं बया! शेवंता आन् मी एका बाकावर बसत हुतो की रं!"

चहा संपेपर्यंत किंमत पाव उतरली. पोहे झाले तेव्हा निम्म्यावर आली. आमटीभात वाढताना आई माझ्यावरच कडाडली, "माहेरच्या माणसाकडनं पैसं घेतोस? लाज हाय का काय?" पाहुणे भले, ते देतोच म्हणत होते. आई नकोच म्हणत होती. त्या ओढाताणीत माझ्या हाती जेमतेम तिसरा हिस्सा राहिला आणि लेन्सबरोबर माझी कॅमेऱ्याची तिपाई, बॅग आणि एक नारळ नेसरीला रवाना झाला. वर आईनं त्यांना पंचाहत्तरीच्या जेवणाचं आवतणही दिलं!

नव्या लेन्ससाठी मी स्कूटरचे टायर बदलायचे पुढं ढकलले. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही सोळाची न्या. ह्यात अख्खा रंकाळा बसतोय, भेळेच्या गाड्यांसकट. फकस्त मानाचं माणूस कडंला बसवू नका. कडंची माणसं पसरत्यात."

मी हसलो. मानाचं माणूस कडेला कोण बसवेल?

पंचाहत्तरीला आत्याच्या अंगणात बेचाळीस माणसं जमली. मधोमध शाल पांघरलेली खुर्ची ठेवली. आत्या बाहेर आली, खुर्चीकडं बघितलं, ती उचलली आणि पार उजव्या टोकाला नेऊन बसली.

"आत्या, मधे बस की गं!"

"का? लग्नात मी हितंच हुतो. हितंच बसणार. बघू आता कसा कापतोस!"

वडिलांनी हात जोडले. आईनं "वन्सं, असं काय करताय" म्हणून विनवलं. आत्या हलेना. सूर्य डोक्यावर आला, जेवणं खोळंबली, आणि देवाचं नाव घेऊन मी बटण दाबलं.

बेचाळीसच्या बेचाळीस आले! एकाचाही कोपर कापला नाही! मी आनंदानं उडी मारणार, तोच कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझी नजर उजव्या टोकाला गेली. आत्या डोक्यापासून पायापर्यंत आली होती. आणि जेवढी उभी, तेवढीच आडवी आली होती. तोंड भोपळ्यासारखं, खुर्चीचा दिवाण झालेला, आणि तो कोपर! तो एकटाच शेजारच्या काकांएवढा दिसत होता. हे सुधारायचं तर माझ्या माहितीत एकच इलाज होता: कड कापणे. मी पेरूच्या झाडाखाली मटकन बसलो. दीड वर्ष, लेन्स, टायर, सगळं पाण्यात गेलं होतं.

"बघू," आत्या म्हणाली.

चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुऱ्या, मागल्या येळंला कमी पडली म्हणून आता जास्तीची घातलीस व्हय?"

कुणीही हसलं नाही. वडील शांतपणे चपला शोधायला लागले. ते बघून मला खरोखर रडू आलं.

तेवढ्यात पंगतीच्या बाजूनं नेसरीचे पाहुणे पुढं आले. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला माझी लेन्स, कडेला अजून ते कुंकू. "आत्याबाई, रागावू नका, पर तुमचा एकटीचा एक फोटो घेऊ काय?" त्यांनी तिला तुळशीपाशी बसवलं. ऊन तोंडावर येत होतं. ते माझ्याकडं वळले, "पावणं, जरा छत्री धरा की."

मी छत्री धरली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आत्यानं फोटो बघितला. मग तिनं वडिलांना जवळ बोलावलं. "बघ रं. आई अशीच दिसायची न्हाय?" वडिलांनी बघितलं आणि ते मान डोलवत राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "भाऊबीजेला येतो मी. पाट मांडून ठेव."

ती आली. ओवाळलं, जेवली, आणि बाहेरच्या खोलीतला लग्नाचा फोटो काढायला लावून तिथं आपला हा फोटो लावून गेली. आता घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढं थांबतो आणि विचारतो की उजव्या कडेला हे काय आलंय. चौकडीच्या शर्टातला, छत्री धरलेला तो कोपर माझा आहे. नेसरीच्या पाहुण्यांनी आत्याला विचारलंही होतं, "कडंचं त्येवढं कापू काय?" आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. फिट्टंफाट झाली."

तेव्हा आमच्या घरच्या फोटोत हल्ली माझा कोपर आहे, मी नाही. पण कोपर काय सुरेख आलाय म्हणून सांगू! येणारच. लेन्स माझी होती.